येणाऱ्या नव्या गाड्या : पेट्रोल, हायब्रिड की इलेक्ट्रिक?
(इयत्ता सातवी ते नववी, विज्ञान व गणित उपक्रमासह)



हल्ली मुलांना नव्या गाड्यांची नावं तोंडपाठ असतात. २६ नोव्हेंबर २०२४ ला महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई दाखवल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक आणि मारुतीची ई-विटारा आली. पुढेही दरवर्षी अशा गाड्या येतच राहणार. घरात मुलं म्हणतात, "बाबा, आता इलेक्ट्रिकच घेऊ." मग घ्यावी का? याचं उत्तर जाहिरातीत नाही, आपल्या घरच्या हिशोबात आहे. तो हिशोब मुलांकडूनच करून घेऊया.

१) दोन्हींत फरक काय?

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नसतं. मोठी बॅटरी बाहेरून चार्ज करायची आणि मोटर चाकं फिरवणार. हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिन असतं आणि सोबत छोटी बॅटरी व मोटर. ब्रेक दाबल्यावर एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते आणि गर्दीत हळू चालताना वापरते. आकडे पाहिले की मुलांना लगेच कळतं : ग्रँड विटारा हायब्रिडची बॅटरी ०.७६ युनिटची, तर क्रेटा इलेक्ट्रिकची मोठी बॅटरी ५१.४ युनिटची. (१ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, आपल्या वीजबिलातलंच.)

२) जाहिरातीतला आकडा कसा वाचायचा?

अंबरनाथ-बदलापूरकरांना एमआयडीसी म्हटलं की कारखाने आठवतात. गाडीच्या माहितीपत्रकात मात्र याच अक्षरांचा अर्थ वेगळा आहे : मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे चाचणी घेण्याची एक ठरावीक पद्धत. जानेवारी २०२५ मध्ये क्रेटाच्या ५१.४ युनिटच्या बॅटरीवर ४७३ किमीचा दावा होता. भागाकार केला तर युनिटला ९.२ किमी. पण एसी, खड्डे, सिग्नल हे सगळं धरून युनिटला सहा-सात किमी धरणं शहाणपणाचं. म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३०० ते ३५० किमी.

३) चार्ज कुठे करणार?

पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा प्लग असेल तर रात्रभरात, म्हणजे आठ तासांत, साधारण २५ युनिट भरतात. त्यावर दीडशे किमी होतात. स्टेशन, शाळा, बाजार यासाठी भरपूर! पण उल्हासनगरच्या कॅम्पातल्या अरुंद गल्लीत रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने वायर कुठून आणायची? तिथे हायब्रिड सोयीची. सोसायटीत राहत असाल तर गाडी बुक करण्याआधीच मीटर, वायरिंग आणि मंजूर भार यांबद्दल सोसायटीशी आणि महावितरणशी बोला.

४) खर्चाचा हिशोब

समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि वीज १० रुपये युनिट. सारख्याच आकाराच्या गाड्यांसाठी १०० किमीचा खर्च पाहूया :

पेट्रोल (लिटरला १५ किमी) : सुमारे ७०० रुपये
हायब्रिड (लिटरला २० किमी) : ५२५ रुपये
इलेक्ट्रिक (१६ युनिट) : १६० रुपये

पेट्रोलपेक्षा इलेक्ट्रिकमध्ये ५४० रुपये वाचले. समजा ती गाडी ३ लाखांनी महाग आहे, तर हे पैसे वसूल व्हायला सुमारे ५५,५०० किमी लागतील. आता आपलं घर बघा. आपल्याकडे बरेच जण कामाला लोकलने जातात. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किमी रोज कारने कोण जाणार? गाडी महिन्याला ५०० किमी फिरली तर वसुलीला नऊ वर्षं. महिन्याला १,५०० किमी फिरली तर तीन वर्षं. गाडी तीच, उत्तर मात्र वेगळं!

५) "प्रदूषण शून्य" खरं का?

१ लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपली बरीचशी वीज कोळशावर होते, म्हणून युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरा. १०० किमीला पेट्रोल गाडी १५.३ किलो, हायब्रिड ११.५ किलो, इलेक्ट्रिक ११.२ किलो. इलेक्ट्रिकचा धूर आपल्या गल्लीत नसतो हा मोठा फायदा, पण तो दूरच्या चिमणीतून निघतोच. छतावर सौर पॅनेल असेल तर हा आकडा खूप खाली येतो.

६) पाण्याचं काय?

२७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती, हे आपण विसरलेलो नाही. बॅटरीवर "आयपी ६७" लिहिलेलं असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याच्या चाचणीत पास झालेली असते. रात्रभर बुडालेल्या पार्किंगची ती हमी नाही. बुडालेली गाडी सुरूही करू नका, चार्जिंगलाही लावू नका; आधी सर्व्हिस सेंटरला कळवा.

उपक्रम : प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या (किंवा शेजारच्या) गाडीचे महिन्याचे किलोमीटर, पेट्रोलचा खर्च आणि वीजबिलातला दर लिहून आणावा. मग वरचे हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करावेत आणि पाच ओळींत निष्कर्ष लिहावा. "आम्हाला सध्या नवीन गाडीची गरजच नाही" हाही बरोबर निष्कर्ष आहे; त्यालाही पूर्ण गुण द्या.