लिलाव की एक दाम? खेळाडूंच्या कार्डांच्या ऑनलाइन विक्रीचा हिशेब

माल विकण्याचे दस्तूर मुळात दोनच आहेत. एक तर मालावर भाव लिहून गिऱ्हाइकाची वाट पाहायची, नाही तर माल मधोमध ठेवून बोली होऊ द्यायची. आम्ही कापडवाले पहिल्या जातीचे. ताक्यावर भाव लिहिलेला असतो, थोडी घासाघीस होते, जमले तर जमले. बोलीचा तजुर्बा आम्हाला बंद पडलेल्या कारखान्याचा लॉट उचलताना आला, तेवढाच. म्हणून न्यू जर्सीत कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेल्या आमच्या भाच्याने फोनवर विचारले, "मामू, तुम्ही इतकी वर्षे दुकान चालवता. सांगा, लिलावात टाकू की भाव लावून ठेवू?" तेव्हा आम्ही लगेच उत्तर दिले नाही. आधी माल काय आहे ते विचारले.

माल होता बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डे. शेजारच्या वृद्ध बाईंचे यजमान वारले. मागे बुटांच्या खोक्यांत भरलेली त्यांची आयुष्यभराची कार्डे राहिली. बाईंना घराचे छप्पर दुरुस्त करायचे आहे आणि संगणकावर विक्री करणे त्यांना जमत नाही. भाच्याने जबाबदारी घेतली. पैसा परक्याचा, तोही विधवेचा. म्हणून हा प्रश्न आम्ही गमतीचा मानला नाही आणि जे वाचले, विचारले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशात आहेत आणि जुन्या वस्तूंचा ऑनलाइन व्यापार करू लागली आहेत. नाणी, तिकिटे, घड्याळे यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

प्रथम मालाची ओळख. पुठ्ठ्याच्या एका लहान तुकड्यावर खेळाडूचे चित्र आणि मागे त्याची कामगिरी, एवढेच हे कार्ड. पूर्वी ते सिगारेटच्या पाकिटात आणि नंतर च्युइंगमबरोबर मिळे. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेज या लिलावगृहात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. तेच कार्ड १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकले गेले होते. पण हे आकडे वाचून कोणी हुरळू नये. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या सुरुवातीस कंपन्यांनी इतकी कार्डे छापली की त्या काळच्या बहुतेक कार्डांना आज खोक्याच्या वजनाइतकीही किंमत येत नाही. शिवाय किंमत कार्डाच्या हालतीवर ठरते. पीएसए ही कंपनी १९९१ पासून कार्ड तपासून १ ते १० असा दर्जा देते आणि ते प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते. एकाच खेळाडूच्या एकाच कार्डाचा दर्जा दहा आणि दर्जा सहा यांच्या भावात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

ईबेचे दुकान १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार यांनी उघडले तेव्हा त्याचे नावच ऑक्शनवेब होते, म्हणजे सगळा मामला बोलीचा. तिथे पहिली विकली गेलेली वस्तू मोडका लेझर पॉइंटर होती आणि त्याला १४ डॉलर ८३ सेंट आले. पुढे २०००च्या सुमारास 'बाय इट नाऊ' म्हणजे 'लगेच घ्या' अशी ठरल्या भावाची सोय आली.

आता या बोलीतली मुख्य खुबी नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. आपल्याकडे बोलणारा समोर उभा राहून एकेक पायरी चढतो. तिथे गिऱ्हाईक आपली शेवटची हद्द गुपचूप लिहून ठेवतो आणि यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतेच चढते. त्यामुळे जिंकणारा स्वतःची हद्द देत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची हद्द अधिक एक पायरी, एवढेच तो देतो. दुसऱ्याच्या भावाने विकण्याच्या या पद्धतीचा पाया विल्यम व्हिकरी यांनी १९६१ मध्ये मांडला. त्यांना १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

विकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? समजा एका कार्डासाठी एक गिऱ्हाईक ५०० डॉलरपर्यंत जाईल, दुसरा ३०० पर्यंत आणि बाकीचे ६० च्या वर जाणार नाहीत. लिलावात ३०५ येतील. पण तो ३०० वाला त्या आठवड्यात गावाला गेला असेल, तर ५०० वाल्या गिऱ्हाइकाला तेच कार्ड ६१ डॉलरला मिळेल! म्हणजे लिलावात भाव पहिला गिऱ्हाईक ठरवत नाही, दुसरा ठरवतो. उलट आपण ४५० ची चिठ्ठी लावून बसलो, तर पहिला माणूस आज ना उद्या येईल आणि घेऊन जाईल, दुसरा असो वा नसो. पण आपण ५५० ची चिठ्ठी लावली, तर माल वर्षभर तसाच पडून राहील. लिलावाचा धोका दुसरा गिऱ्हाईक न येण्याचा आहे आणि एक दामाचा धोका आपल्याच अंदाजाचा आहे.

भाच्याने आम्हाला विचारण्याआधी एक चूक करून ठेवली होती. नोकरीवरून आल्यावर मंगळवारी रात्री एक वाजता त्याने १९५०च्या दशकातले टॉप्सचे एक चांगले कार्ड ९९ सेंटपासून सात दिवसांच्या लिलावात टाकले. सात दिवसांचा लिलाव ज्या घटकेला सुरू होतो त्याच घटकेला संपतो. म्हणजे तो संपला पुढच्या मंगळवारी रात्री एक वाजता, अर्धी अमेरिका झोपलेली असताना. शीर्षकात त्याने नुसते 'जुने बेसबॉल कार्ड' लिहिले होते. वर्ष नाही, कंपनी नाही, खेळाडूचे नाव नाही, कार्डाचा क्रमांक नाही. शोधणारा शोधतो ते याच चार शब्दांनी. शेवटी दोनच बोल्या लागल्या आणि कार्ड मातीमोल गेले. बाईंना कसे सांगावे, या विचाराने तो दोन दिवस त्यांच्या दारात गेला नाही. आम्ही म्हटले, आधी जाऊन सांग, मग पुढचे कार्ड हातात घे.

लिलाव संपवण्याचा जाणत्यांचा रिवाज रविवारी संध्याकाळचा आहे. न्यू जर्सीत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात सहा वाजलेले असतात आणि दोन्ही किनाऱ्यांचे लोक जागे असतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ईबेवर खरी बोली शेवटच्या काही मिनिटांत पडते. रॉथ आणि ओकेनफेल्स या दोन विद्वानांनी २००२ मध्ये दाखवून दिले की ईबेचे घड्याळ ठरल्या वेळी बंद होते म्हणून लोक शेवटपर्यंत दबा धरून बसतात. त्या काळी अॅमेझॉनही लिलाव चालवीत असे. तिथे उशिरा बोली आली की मुदत वाढे, म्हणून दबा धरणारे कमी होते. कार्डांची मोठी लिलावगृहे आज मुदत वाढवण्याचीच पद्धत वापरतात. तेव्हा ईबेवर सहाव्या दिवशी भाव कमी दिसला म्हणून घाबरून माल मागे घेऊ नये.

मग लिलाव कोणत्या मालाला? जिथे गिऱ्हाईक भरपूर आहेत किंवा जिथे भावाचा अंदाजच बांधता येत नाही, तिथे. मँटलच्या त्या कार्डावर १ कोटी २६ लाखांची चिठ्ठी लावण्याची हिंमत कोणत्या दुकानदाराने केली असती? दुसरे उदाहरण मायकेल जॉर्डनचे. फ्लीअर कंपनीचे १९८६ चे त्याचे कार्ड, दर्जा दहा, जानेवारी २०२१ च्या अखेरीस गोल्डिनच्या लिलावात ७ लाख ३८ हजार डॉलरला गेले. त्याच वर्षात त्याचा भाव निम्म्याहूनही खाली उतरला. अशा उधाणाच्या बाजारात एक दाम लावणारा दोन्हीकडून मार खातो. भाव चढताना त्याचा माल स्वस्तात जातो आणि उतरताना कोणी हात लावत नाही. बोलीचा भाव मात्र त्या दिवसाचा असतो. ज्याला पैसा एका ठराविक तारखेला हवाच आहे, त्यालाही लिलाव बरा.

बाकी सर्व मालाला, आमच्या मते, एक दाम. एखाद्याला संच पुरा करायला एका साध्या खेळाडूचे एकच कार्ड हवे असते. असा माणूस तुमच्या त्याच आठवड्यात येईल याची खात्री नाही, पण सहा महिन्यांत येईल आणि वाजवी भाव देईल. ईबेवर ठरल्या भावाची यादी २०१९ पासून आपण काढेपर्यंत दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते. सोबत 'बेस्ट ऑफर' म्हणजे गिऱ्हाइकाने आपला भाव सुचवण्याची सोय ठेवावी. ही तर आमच्या गादीवरची घासाघीसच झाली. चिठ्ठी थोडी चढी ठेवावी आणि रास्त मागणी आली की फार ताणू नये. पैसे लगेच भरण्याची अटही ठरल्या भावात घालता येते. लिलावात मात्र बोली जिंकून पैसे न देणारे भेटतात आणि मग सगळा खेळ पुन्हा मांडावा लागतो.

ही आमची एकट्याची समजूत नाही. ईबेच्याच व्यवहारांवरून चार अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. सुरुवातीला बोलीवर चालणारा हा बाजार पुढे बहुतांशी ठरल्या भावाकडे वळला, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे गिऱ्हाइकाला लिलावाची ओढ पूर्वीइतकी राहिली नाही, असे त्यांना आढळले. आपल्या देशात बाझी डॉट कॉम विकत घेऊन २००४ मध्ये आलेले ईबेचे भारतीय दुकान तर २०१८ मध्ये बंदच झाले.

एकसारखी अनेक कार्डे असतील तर ती एकाच वेळी बोलीला काढू नयेत. लिस्ट आणि लकिंग-रायली यांनी खेळांच्या कार्डांवरच प्रयोग करून २००० मध्ये दाखवले की दोन सारख्या वस्तू एकाच समान भावाने बोलीला निघाल्या, तर गिऱ्हाईक दुसऱ्या नगासाठी आपली बोली मुद्दाम खाली ठेवतो. हे आम्हाला प्रयोगाशिवायही ठाऊक होते. एका रंगाचे पन्नास ताके एकदम गल्ल्यासमोर लावले की गिऱ्हाईक भाव पाडून मागतो.

भाव ठरवताना इतरांनी काय मागितले ते पाहू नये, काय मिळाले ते पाहावे. ईबेवर विकल्या गेलेल्या मालाची यादी वेगळी उघडते, तिथले अलीकडचे पाच-सहा सौदे त्याच दर्जाचे पाहावेत. मग खर्च काढावा. ईबेचे कमिशन कार्डांवर तेरा टक्क्यांच्या आसपास पडते आणि ते टपालखर्च धरून आलेल्या रकमेवर लागते. हे गृहीत धरले नाही तर स्वस्त कार्डांत घरचेच पैसे जातात.

एक फसवणूक विशेष सांगायची आहे. आपल्याच माणसाकरवी खोटी बोली लावून भाव चढवणे. फिकहमध्ये याला नजश म्हणतात आणि ते नाजायज आहे. अमेरिकेच्या कायद्यातही हा गुन्हाच आहे. कार्डांच्या धंद्यातले एके काळचे सर्वांत मोठे लिलाववाले बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये अशा बोलींचा गुन्हा कबूल केला आणि २०१५ मध्ये त्यांना वीस महिन्यांची कैद झाली. होनस वॅग्नरचे जे कार्ड १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला विकले गेले होते, त्याच्या कडा आपण कातरल्या होत्या, हेही त्यांनी तेव्हाच मान्य केले. भाच्याच्या एका मित्राने "मी एकदोन बोल्या टाकतो, भाव चढेल," असे सुचवले होते. आम्ही फोनवरच मना केले.

आता बाईंच्या मालाचे तीन ढीग केले आहेत. १९८०-९० चे खोके एकगठ्ठा ठरल्या भावाने, जे येईल ते. साधी जुनी कार्डे एकेक करून चिठ्ठी लावून, बेस्ट ऑफरसह, त्यातली रोज चार-पाच भाचा रात्री चढवतो. नामांकित खेळाडूंची सहा कार्डे दर्जा ठरवायला पाठवली आहेत. ती परत आली की सहाच्या सहा एकदम न काढता दर रविवारी एक, अशी बोलीला निघतील. बाईंनी पहिल्या कार्डाबद्दल फक्त एवढेच विचारले की ते कोणत्या खेळाडूचे होते. यजमानांचे ते आवडते होते की नाही, हे त्यांना वहीत पाहायचे होते. छपराचे काम त्यांनी पावसाळी हवा येण्यापूर्वी करायचे ठरवले आहे, म्हणून दुसऱ्या ढिगातील भाव आम्ही दहा टक्के उतरवायला सांगितले.