मनापासून काम करणारेही थकतात

"डॉक्टर, बी-ट्वेल्वचं इंजेक्शन द्या, सोमवारी फिल्डवर जायचंय." वस्त्यांमध्ये बालपोषणाचं काम करणारी एक कार्यकर्ती मागच्या महिन्यात आली होती. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व, सगळं ठीक. झोपेबद्दल विचारलं तर गप्प राहिली. मग म्हणाली, "परवा वस्तीत एक बाळ गेलं. मला रडूच आलं नाही हो."

सामाजिक संस्थांतल्या रुग्णांची एक समजूत फार चिवट असते: तळमळीने काम करणारा थकत नाही, थकला तर निष्ठाच कमी. हे साफ चूक आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली 'बर्नआउट'बद्दल लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातले स्वयंसेवक पाहून. झोकून देणारेच आधी मोडतात, हे त्याला तिथे दिसलं. जागतिक आरोग्य संघटना तर बर्नआउटला आजार म्हणतच नाही. कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. तेव्हा ताई, दोष स्वतःत शोधू नका.

सुट्टी घेऊनही न उतरणारा थकवा, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांचाच कंटाळा, 'माझ्याने काही होत नाही' ही भावना, ही लक्षणं आठवडेच्या आठवडे टिकली तर दवाखान्यात या. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या आणू नका. त्यांची सवय लागते आणि सोडवताना हाल होतात. व्हिडिओ पाहून अश्वगंधाही सुरू करू नका, थायरॉइडच्या रुग्णांनी तर मुळीच नाही. छातीत दुखलं तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसू नका. आणि जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.

आता संस्थाचालकांशी बोलतो. वर्षातून एकदा योगशिबिर भरवून हे भागणार नाही. 'आपण एक कुटुंब' म्हणत मानधन तीन-तीन महिने थकवायचं, मार्चअखेरच्या अहवालासाठी रात्री अकराला ग्रुपवर मेसेज टाकायचे, रविवारी मीटिंग घ्यायची, हे आधी बंद करा. बदली माणसाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच मांडा. वस्तीत मृत्यू झाला की दुसऱ्या दिवशी आकडे मागू नका; सगळ्यांनी एकत्र बसा, बोलू द्या.

त्या कार्यकर्तीच्या रजेसाठी मी पत्र दिलं. संचालकांचा फोन आला, "तिच्या जागी कोण जाणार?" मी विचारलं, "ती कोसळली तर कोण जाईल?" पंधरा दिवसांची रजा मिळाली. पहिले चार दिवस ती नुसती झोपली. पाचव्या दिवशी, म्हणाली, त्या बाळाच्या आईची आठवण आली आणि खूप रडले.