कॅम्परव्हॅनमध्ये शेगडी?

प्रश्न : डिसेंबरात कॅम्परव्हॅनने मनालीला जातोय. रात्री उबेसाठी आत कोळशाची शेगडी ठेवून खिडकी किलकिली ठेवली तर चालेल का?

उत्तर : अजिबात नको. खिडकीच्या फटीवर जीव सोपवू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. धूर थांबला म्हणजे धोका टळला, असं तर मुळीच नाही. जाड रजया न्या. गॅसगळतीचा अलार्म हा वायू ओळखत नाही. त्याचा वेगळा अलार्म उशीच्या उंचीवर लावा. सगळ्यांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर विरळ हवेचा त्रास समजून पडून राहू नका. आधी सगळे बाहेर पडा, मग दवाखाना गाठा.