सामन्याआधीची फुशारकी

‘उज्ब’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. गर्व, म्हणजे किब्र, करायला दुसरा माणूस लागतो. त्याच्याहून आपण थोर, असे ठरवावे लागते. उज्बला कुणीच लागत नाही. मनुष्य एकटाच आपल्या कर्तबगारीकडे पाहून सुखावतो आणि ती देणाऱ्या अल्लाहला विसरतो. आत्मविश्वास आणि उज्ब यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे अलीकडच्या भारतीय फुटबॉलकडे पाहिले की उमगते. आपल्या बीड जिल्ह्यातील मुले फुटबॉल खेळतात कमी आणि त्यावर वाद घालतात जास्त. म्हणून हा विषय.

२०२३ साली भारतीय संघाने इंफाळ, भुवनेश्वर आणि बेंगळुरू येथे लागोपाठ तीन चषक जिंकले. जागतिक क्रमवारीत तो ९९ व्या स्थानी आला. आता आशियातील बलाढ्य संघांशी आपली बरोबरी, अशी भाषा चाहत्यांत सुरू झाली. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात तिन्ही सामने गमावले, एकही गोल झाला नाही. मार्चमध्ये तत्कालीन प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत संघाला नेले नाही तर पद सोडीन, असे जाहीर केले. त्यानंतर गुवाहाटीत अफगाणिस्तानने भारताला १-२ असे हरवले, आणि जूनमध्ये स्टिमाच यांना पदावरून दूर करण्यात आले. या विधानाला मी फुशारकी म्हणणार नाही. तथापि उद्याच्या दिवसावर आपली मालकी असल्यासारखे बोलण्याविषयी सूरह कहफमध्ये जी ताकीद आहे, ती येथे आठवते.

हुनैनची हकिकत तर प्रत्येक खेळाडूला सांगावी अशी आहे. हिजरी सन ८, मक्का नुकतीच जिंकलेली. मदीनेहून आलेले दहा हजार आणि मक्केचे दोन हजार, असे सैन्य निघाले. बद्रला तीनशेच्या आसपास असलेले लोक आता बारा हजार होते. संख्येअभावी आज आपण हरणार नाही, असे काहींच्या तोंडून निघाले. पहाटेच्या अंधूक उजेडात, अरुंद खोऱ्यात हवाजिनच्या तिरंदाजांनी बाणांचा वर्षाव केला आणि तीच प्रचंड संख्या मागे पळू लागली. प्रेषित (स.) आपल्या खेचरावर अढळ राहिले. हजरत अब्बास (रजि.) यांनी खणखणीत आवाजात हाका मारल्या, तेव्हा लोक परतले व विजय मिळाला. सूरह तौबामध्ये संख्येच्या या मोहाचा स्पष्ट उल्लेख आहे. ध्यानात घ्या, बोलणारे लोक ईमानवाले होते.

शर्यतीचाही एक प्रसंग हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आला आहे. प्रेषितांची ‘अदबा’ नावाची सांडणी कधी हरत नसे. एक ग्रामीण अरब तरुण उंटावर आला आणि पुढे निघून गेला. सहाबांना ते फार लागले. जगात जे वर चढते त्याला खाली आणणे हा अल्लाहचा नियम आहे, अशा अर्थाचे उत्तर प्रेषितांनी (स.) दिले. चिडले नाहीत, सबबही सांगितली नाही.

मग कमी बोलले की जय मिळतो काय? तसेही नाही. मुंबईत घडलेले प्रशिक्षक खालिद जमील मितभाषी म्हणून ओळखले जातात. २०१७ मध्ये त्यांनी ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. परंतु त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, आघाडी घेऊनही भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. आपल्याच आष्टी तालुक्यातील अविनाश साबळे यांचे बर्मिंगहॅममधील सुवर्ण २०२२ मध्ये पाच शतांश सेकंदाने हुकले. त्यात बोलण्याचा काय दोष? नम्रता ही विजयाची युक्ती म्हणून शिकवली, तर पहिल्याच पराभवात मुले ती टाकून देतील.

आपल्या घरांत ‘इन्शाअल्लाह’ हा शब्दही हल्ली फुशारकीचे शेपूट झाला आहे. ‘उद्या त्यांना चिरडणार, इन्शाअल्लाह!’ याला तवक्कुल म्हणत नाहीत. सामन्याला निघालेल्या मुलाला जिंकूनच ये, असे बजावण्याऐवजी सराव किती झाला, बूट धड आहेत ना, आणि सामना लांबला तर असरची नमाज कुठे पढणार, एवढे वडिलांनी विचारले तरी पुष्कळ.