फाईल कुणाला देऊ नकोस

मोखाडा

चि. बाय,


बाजारात तुझी खोडाळ्याची मैत्रीण भेटली. तू बोईसरला कामाला लागलीस हे ऐकून बरं वाटलं. पण पुढे ती म्हणाली, की काम आणि खोली मिळवून देणाऱ्या ठेकेदाराला तू बालगृहाची अख्खी फाईल दिलीस आणि त्याने मोबाईलवर पानापानाचे फोटो काढले. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

अगं, कोण मागतंय, कशाला मागतंय, एवढं तरी विचारायचंस! कामाला आधार कार्ड, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक लागतं. फाईलमधला सामाजिक तपासणी अहवाल कुणाला कशाला हवा? तुझी आई कशाने गेली, बाल कल्याण समितीपुढे तू रडत काय सांगितलंस, ते ठेकेदाराने का वाचावं?

2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 बघ. बालगृहातल्या मुलाचं नाव, शाळा, फोटो उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अठरा पूर्ण झाली म्हणून तो संपत नाही. अनाथ प्रमाणपत्र 1 टक्का आरक्षणासाठी लागेल, तेवढं जप. मूळ प्रत कुणाकडे ठेवू नकोस. त्या माणसाला फोटो पुसायला लाव. ऐकत नसेल तर पालघरला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊ, मी येतो. आणि खोलीपायी हे केलं असशील, तर अनुरक्षण गृहासाठी अर्ज करता येतो. एकविसाव्या वर्षापर्यंत सोय असते.

त्या फाईलमध्ये एक ओळ माझ्याबद्दलही आहे: ‘मामा शिकत आहे, सांभाळू शकत नाही.’ खाली माझी सही. तेव्हा मी जव्हारला वसतिगृहात, आजी भिवंडीकडे वीटभट्टीवर; घराला कुलूप. तुला ठेवणार कुठे? तरी वाटतं, वर्षभर शिक्षण थांबवलं असतं, तर तू घरीच वाढली असतीस. ती ओळ परक्याने वाचली, हे मला तुझ्याइतकंच लागलं.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. परक्या गावात खोली शोधताना सोबत कुणी नव्हतं, म्हणून जे मागितलं ते दिलंस. इतक्या लहान वयात एकटीने सगळं निभावतेस, याचा मला अभिमान आहे. यापुढे कुणी कागद मागितला, की आधी मला फोन कर, रात्री-अपरात्रीही. होळीला सुट्टी काढून ये. मामीने तुझ्यासाठी नागलीचं पीठ दळून ठेवलंय.

तुझा,
मामा