कापडाचा हिशेब आणि 'न्यू लुक'

फॅशन हा शब्द उच्चारला की नट्टापट्टा, श्रीमंती चोचले, रिकामपणचे उद्योग असे अर्थ आपल्या मनात येतात. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात युद्धांना आणि कायद्यांना जागा मिळते, स्त्रियांच्या झग्याच्या लांबीला मिळत नाही. परंतु १९४१ ते १९४९ या काळातील ब्रिटनमधील स्त्रियांच्या पोशाखाचा अभ्यास करताना मला असे आढळले की, त्या झग्याच्या काठावर युद्ध, अर्थकारण आणि कायदा या तिन्ही गोष्टी वाचता येतात.

दुसरे महायुद्ध सुरू असताना १ जून १९४१ रोजी ब्रिटनमध्ये कापडावर रेशनिंग आले. कापूस आणि लोकर बाहेरून जहाजांनी येई. ती जहाजे आणि गिरण्यांतील मनुष्यबळ, दोन्ही युद्धासाठी हवी होती; शिवाय सैनिकांच्या गणवेशांना कापड लागत होते ते वेगळेच. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळाली. लोकरी झग्याला ११, बायकांच्या बुटांच्या जोडीला ५ आणि मोज्यांना २ कूपने पडत. किंमत मोजावी लागेच, कूपन त्याशिवाय. पुढे कूपनांची संख्या घटतच गेली.

सरकार एवढ्यावर थांबले नाही. 'युटिलिटी' नावाचे, 'सीसी ४१' असा शिक्का असलेले ठराविक दर्जाचे कपडे बाजारात आले. १९४२ साली चुण्या किती, गुंड्या किती, खिसे किती यांवर नियमांनी मर्यादा घातली. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमिस यांच्यासारख्या नामवंत वेशकारांनी या चौकटीत नमुने तयार करून दिले. गुडघ्यापर्यंतचा सरळ, कमी घेराचा स्कर्ट आणि चौकोनी खांद्यांचा कोट ही त्या काळाची ओळख ठरली. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने तरुण अविवाहित स्त्रियांना युद्धकार्यासाठी बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. कारखान्यात यंत्रावर उभ्या राहणाऱ्या स्त्रीला हा आटोपशीर पोशाख सोयीचाही होता. १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेन्ड' ही सरकारी पुस्तिका निघाली. जुन्यातून नवे कसे करावे, रफू कसे करावे, हे तीत सांगितले होते. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीला त्यात काही नवल वाटले नसते!

युद्ध संपले, पण कूपने संपली नाहीत. अशा वेळी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओर याने आपला पहिला संग्रह सादर केला. उतरते खांदे, आवळलेली कंबर आणि पोटऱ्या झाकणारा प्रचंड घेराचा स्कर्ट! 'हार्पर्स बझार' मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांच्या उद्गारावरून त्याला 'न्यू लुक' हे नाव पडले. काही पोशाखांना पंधरा-वीस वार कापड लागे. म्हणजे जवळजवळ दोन नऊवारी लुगडी एका झग्यात गेली. दिओरला भांडवल पुरवणारा मार्सेल बुसाक हा कापडगिरण्यांचा मालक होता, ही गोष्ट या संदर्भात विसरून चालणार नाही.

ब्रिटनमध्ये वादळ उठले. व्यापार खात्याचे मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी वेशकारांनी स्कर्ट आखूडच ठेवावेत असा आग्रह धरला. मजूर पक्षाच्या खासदार मेबल रिडील आणि बेसी ब्रॅडक यांनीही या फॅशनवर कडाडून टीका केली. अमेरिकेत डलास येथे तर लांब स्कर्टच्या विरोधात स्त्रियांचा क्लब निघाला. तरीही वर्ष-दीड वर्षातच लांब स्कर्ट सर्वत्र दिसू लागला. नवीन घेणे परवडत नसे त्या स्त्रिया जुन्या स्कर्टला खालून कापडाची पट्टी जोडू लागल्या. १५ मार्च १९४९ रोजी कापडाचे रेशनिंग उठले, त्याआधीच हे घडले होते.

मग या स्त्रिया फसल्या असे म्हणावे काय? विरोधकांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या स्त्रियांनी युद्धकाळात कारखाने चालवले त्यांनी आता घरी परतावे अशी अपेक्षा होती, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांची कंबर पुन्हा आवळली जात होती. परंतु मला या निष्कर्षावर थांबता येत नाही. सहा वर्षे मोज्यांच्या जोडीलाही कूपन मोजणाऱ्या स्त्रीला चालताना झुलणारा घेर हवासा वाटला, तर तो मूर्खपणा कसा? १९४२ मध्ये स्कर्टची लांबी सरकारने ठरवली, १९४७ मध्ये एका वेशकाराने आणि एका गिरणीमालकाने. तिला स्वतःला काय हवे, हे दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. जुन्या स्कर्टला जोडलेली ती पट्टी हेच, माझ्या मते, तिचे उत्तर होते. आणि ते तिने आपल्या हाताने, आपल्या ऐपतीत दिले.

म्हणून विद्यार्थिमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की, एखाद्या फॅशनला नावे ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: कापड कोणाचे विकले जाते, लांबी कोण ठरवतो आणि ते वस्त्र अंगावर घालून दिवसभर काम कोण करते? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की शिंप्याच्या दुकानातही इतिहासाचा आणि अर्थशास्त्राचा चांगला तास होऊ शकतो.