राष्ट्रपतींची माफी कुठवर चालते?

प्रश्न : राष्ट्रपती कोणाचीही शिक्षा माफ करू शकतात का? त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येते का?

उत्तर : नाही, सरसकट कोणाचीही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 72 नुसार हा अधिकार तीनच ठिकाणी चालतो : लष्करी न्यायालयाची शिक्षा, केंद्राच्या अखत्यारीतील कायद्याखालचा गुन्हा आणि फाशी. राज्याच्या कायद्याखालची कैद असेल, तर अर्ज राज्यपालांकडे जातो.

सही राष्ट्रपतींची असली, तरी निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होतो. 1980 च्या मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. दयेचा अर्ज गृहमंत्रालयातून फिरतो तो यामुळेच.

न्यायालयात जाता येते, पण दार अरुंद आहे. निर्णय योग्य होता की नाही, हे न्यायाधीश तपासत नाहीत. तो कसा घेतला गेला, एवढेच पाहतात. आंध्र प्रदेशात खुनाच्या गुन्ह्यातील एका राजकीय कार्यकर्त्याला राज्यपालांनी दिलेली शिक्षामाफी 2006 मध्ये रद्द झाली. जात, धर्म किंवा पक्षनिष्ठा पाहून दया दाखवता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. हीच कसोटी राष्ट्रपतींनाही लागू आहे.

विलंबाचा मुद्दा मात्र सर्वांत अस्वस्थ करणारा. घटनेत मुदत नाही, म्हणून अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात आणि कैदी रोज फाशीची वाट पाहतो. 2014 मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. बहुतेकांच्या बाबतीत कारण हाच विलंब होता. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींचे अर्ज 2014 मध्ये राष्ट्रपतींनी फेटाळले होते. तरीही अर्जांवरील दिरंगाईवर, विशेषतः राज्य सरकारच्या, बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली.